घटक ५ : लोकगीतांचा अंकीय संग्रह – संगणकीय साधने आणि भाषिक दक्षता

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला आपल्या परिसरातील लोकगीतांचे ध्वनिमुद्रण कोणत्या स्वरूपात जतन करावे, त्याच्या नोंदी कशा कराव्यात आणि तो संग्रह संकेतस्थळावर मांडताना देवनागरी लिपीच्या संदर्भात कोणती काळजी घ्यावी, हे सांगता येईल. त्यासाठी विनामूल्य मिळणाऱ्या काही आज्ञावलींचा परिचय होईल. बोलीचे रूप आणि प्रमाण रूप यांच्या नोंदीतील भेद तुम्हांला उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासाची पद्धती पाहिली. क्षेत्रीय कार्य संपले की अभ्यासकाच्या हाती ध्वनिमुद्रणांचा एक ढीग उरतो. या ढिगाचा संग्रह कसा करायचा, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला संगणकीय साधनांची उठाठेव कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर म्हणून एक स्वानुभव नोंदवतो.

माझ्या संशोधनकाळात मी अर्जुनी मोरगाव आणि देवरी या तालुक्यांत काही ध्वनिफिती भरल्या होत्या. त्यांपैकी एका फितीवर एका वृद्ध स्त्रीचा आवाज आहे. सुमारे वीस मिनिटे ती लग्नगीते म्हणते, मध्येच थांबून खोकते, कोणाला तरी पाणी आणायला सांगते. पाण्याला ती ‘पानी’ म्हणते आणि डोळ्याला ‘डोरा’. फितीवरील चिठ्ठी गळून पडली. मुद्रणाच्या आरंभी नाव-गाव बोलून घेण्याचे भान त्या वेळी मला नव्हते. भाषाविज्ञानातील पदवी पदरी असूनही त्या आवाजाविषयी मी एवढेच सांगू शकतो, की हा झाडीपट्टीतला आहे. बाईचे नाव आणि गाव मला कधीच कळले नाही. तिच्या गीतांचा अभ्यास मी करू शकतो, पण ती गीते कोणाची आहेत हे कोणालाही सांगू शकत नाही.

५.२ परिसर आणि परंपरा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमा जिल्ह्याला लागून असल्यामुळे झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी या भाषा-बोली येथे एकाच बाजारात ऐकू येतात. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्री रंगणारी दंडार, खडी गंमत, पोवारी लग्नगीते, माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे जमणाऱ्या गोंडी भाविकांची गीते, असा हा विपुल ठेवा आहे. झाडीबोली आणि तिच्या लोकपरंपरा यांच्या अभ्यासाचा पाया डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी घातला, हे तुम्ही जाणताच.

संग्रहाचा एक मोठा आदर्श पश्चिम महाराष्ट्रात उभा राहिला. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या जमविल्या. एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे. पुढे संगणकतज्ज्ञ बर्नार बेल यांनी त्यात ध्वनिमुद्रणांची आणि माहितीसाठ्याची भर घातली आणि २०१७ पासून त्या ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अंकीय संग्रहातून लोकांसमोर येऊ लागल्या. या कामाचे मोल केवळ संख्येत नाही. ओवी गाणारीचे नाव, तिचे गाव, तालुका आणि ओवीचा विषय यांची नोंद तेथे ठेवलेली आहे, म्हणून तीस वर्षांनंतरही एखाद्या गावात जाऊन त्या गाणारीच्या नातीला तिची ओवी ऐकविता येते.

नाव आवाजातच नोंदवून ठेवण्याची युक्ती तर याहूनही जुनी आहे. १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव स्वतः उच्चारते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना भारतीय गायक-गायिका ओळखता येणे शक्य नव्हते. तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा, हे त्या घोषणेवरून कळे. क्षेत्रीय कार्यात प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दिनांक, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा ही हॅनोव्हरची गोष्टही सांगतो.

५.३ ध्वनिमुद्रणाचे स्वरूप

जुन्या ध्वनिफिती घरोघरी पेटाऱ्यांत पडून आहेत. त्यांचे अंकीकरण करण्यास फीत वाजविणारे यंत्र, त्याला संगणकाशी जोडणारी तार आणि ‘ऑडॅसिटी’ ही आज्ञावली एवढे पुरते. ऑडॅसिटी मुक्तस्रोत असून २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. तासाभराच्या फितीला एक तास द्यावाच लागतो, त्यात घाई चालत नाही. फीत वाजविण्यापूर्वी ती एकदा पुढे आणि एकदा मागे संपूर्ण फिरवून घ्यावी. वर्षानुवर्षे पडून असलेल्या फितीचे थर एकमेकांना चिकटलेले असू शकतात.

मुद्रण कोणत्या स्वरूपात ठेवावे? येथे थोडे गणित करावे लागेल. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट या दराने एकमार्गी मुद्रण केले, तर सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट जागा लागते. याला ‘वेव्ह’ स्वरूप म्हणतात. तेच मुद्रण १२८ किलोबिट दराच्या एमपी-३ मध्ये तासाला सुमारे ५८ मेगाबाइटमध्ये मावते. जागा वाचते, पण कानाला फारशा जाणवणार नाहीत असे ध्वनी एमपी-३ कायमचे काढून टाकते. गाणे ऐकणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. उच्चारांचा अभ्यास करणाऱ्याचे अडते, कारण ‘स’चा घर्षक ध्वनी किंवा महाप्राणाचा श्वास यांच्या मापनात त्यामुळे फरक पडू शकतो. ‘फ्लॅक’ हे २००१ मध्ये आलेले मुक्त स्वरूप या दोहोंच्या मधले आहे. ते जागा बरीच वाचविते आणि मूळ मुद्रणातला एकही अंक गमावीत नाही. म्हणून मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी आणि संकेतस्थळासाठी, भ्रमणध्वनीवर पाठविण्यासाठी तिच्यावरून एमपी-३ ची प्रत काढावी. एमपी-३ वरून पुन्हा फ्लॅक केल्याने गेलेले परत येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. तशी धारिका केवळ आकाराने फुगते.

ऑडॅसिटीत खरखर कमी करण्याची सोय आहे. ती फार मोहक आहे आणि नवशिक्या संग्राहकाचा हात सर्वांत आधी तिकडेच वळतो. फितीची खरखर आणि ‘स’, ‘ह’ यांचे घर्षण ध्वनिदृष्ट्या एकमेकांच्या जवळचे असते. खरखर जोरात पुसली की झांजेचा किनखापी आवाज बोथट होतो, शब्दांची टोके गळतात आणि गाणारी व्यक्ती पाण्याखालून गात आहे असे वाटू लागते. ही सफाई करायचीच असेल तर ती प्रतीवर करावी. मूळ धारिकेस हात लावू नये.

लांब मुद्रणातील गीते वेगळी करण्यासाठी ऑडॅसिटीत ‘लेबल’ची पट्टी असते. प्रत्येक गीताच्या आरंभ-अंतावर खूण करून नाव लिहावे; त्या खुणांवरून सर्व गीते एकदम वेगळ्या धारिकांत निघतात. शब्दशः लेखन वेळेशी जुळवून करायचे असेल, तर नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेने तयार केलेली ‘इलान’ ही आज्ञावली पाहावी. तीत एका ओळीत बोलीतील शब्द, दुसरीत प्रमाण मराठी आणि तिसरीत अर्थ असे थर लावता येतात. तिची ओळख पुढील घटकात सविस्तर येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
एमपी-३ स्वरूपातील मुद्रण ऐकण्यास पुरेसे असूनही बोलीच्या अभ्यासास अपुरे का ठरते? पाच-सहा ओळींत उत्तर लिहा.

५.४ टॅग : धारिकेच्या पोटातील नोंद

ध्वनिफितीवरील चिठ्ठी गळते. अंकीय धारिकेत ही चिठ्ठी धारिकेच्या पोटातच ठेवता येते. तिला टॅग म्हणतात. संगीताचे हौशी संग्राहक चित्रपटगीतांसाठी जी साधने वापरतात, तीच आपल्याही उपयोगाची आहेत. ‘एमपी-३ टॅग’ ही आज्ञावली शेकडो धारिकांचे टॅग एकाच तक्त्यात दाखविते आणि एकदम बदलू देते. ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ ही त्याहून चतुर आहे. ती गाण्याचा ध्वनिठसा काढून जागतिक माहितीसाठ्याशी जुळवून पाहते आणि गायक, संग्रह, वर्ष आपोआप भरते. जुन्या भावगीतांच्या प्रकाशित ध्वनिफितींसाठी ती उपयोगी आहे. क्षेत्रीय मुद्रणासाठी मात्र तिचे चातुर्य जपून वापरावे. दंडारीचे गीत त्या माहितीसाठ्यात असणार नाही, आणि ‘ट्रॅक ०१’ अशा नावावरून शोध घ्यायला सांगितला, तर ती जगातील कोणत्याही संग्रहाचे नाव सुचवू शकते. तेथे आपणच हाताने लिहावे.

आता टॅगमध्ये देवनागरी लिहिताना काय घडते ते पाहू. १९९६ च्या सुमारास आलेल्या पहिल्या आयडी-३ टॅगमध्ये शीर्षकाला फक्त ३० बाइट जागा होती. रोमन लिपीत एक अक्षर एका बाइटमध्ये बसते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. मराठी माणूस ‘गोंदियाची’ या शब्दात चार अक्षरे मोजतो. संगणक त्यात ग, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, इकार, य, काना, च आणि ईकार अशी नऊ चिन्हे मोजतो. नऊ चिन्हांचे झाले २७ बाइट. ‘गोंदियाची दंडार’ असे शीर्षक लिहिले, तर मधल्या मोकळ्या जागेसह २८ बाइट संपतात आणि ‘द’साठी दोनच बाइट उरतात. ‘द’ अर्धवट कापला जातो आणि पडद्यावर ‘गोंदियाची’ या शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह तेवढे दिसते. दंडार गेली कुठे, असे विद्यार्थी विचारतात! अक्षर, वर्ण आणि चिन्ह यांतील भेद आपण दुसऱ्या घटकात सिद्धान्त म्हणून अभ्यासला. येथे तो प्रत्यक्ष नडतो.

यावर उपाय सोपा आहे. आयडी-३ ची दुसरी पिढी वापरावी. तिच्यातील २.३ ही आवृत्ती यूटीएफ-१६ संकेतनासह निवडली, तर बहुतेक जुनी-नवी यंत्रे देवनागरी नीट दाखवितात. एमपी-३ टॅगच्या पर्यायांत ही निवड एकदाच करून ठेवावी लागते. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच येत नाही. त्याचे टॅग मुळातच यूटीएफ-८ मध्ये असतात आणि बोली, गाव, संमती यांसाठी स्वतःचे रकानेही त्यात वाढविता येतात.

रकान्यांत काय लिहावे, हा खरा भाषावैज्ञानिक प्रश्न आहे. झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष हे वर्ण उच्चारात नाहीत. ‘काळा’ हा ‘कारा’ होतो आणि ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. टॅग लिहिणारा सुशिक्षित विद्यार्थी नकळत ‘पाणी’ लिहून मोकळा होतो. त्याला वाटते, आपण चूक दुरुस्त केली. संग्रहात गीताची ओळख शीर्षकावरूनच होत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याने बोलीचा पुरावा पुसलेला असतो. उलट केवळ ‘पानी’ लिहिले, तर प्रमाण रूपाने शोध घेणाऱ्याला गीत सापडत नाही. म्हणून शीर्षकाच्या रकान्यात ऐकलेले रूपच लिहावे आणि शोधासाठी प्रमाण रूप वेगळ्या रकान्यात द्यावे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. गाणाऱ्याच्या रकान्यात ‘लोककलावंत’ किंवा ‘पारंपरिक’ लिहिण्याची फार वाईट खोड आपल्याकडे आहे. गीत पारंपरिक असते, गाणारी बाई पारंपरिक नसते. तिला नाव असते.

स्थळाच्या नोंदीतही असाच विवेक हवा. १९९९ पूर्वीच्या फितींवर ‘जि. भंडारा’ असे लिहिलेले आढळेल. १९५६ पूर्वीच्या एखाद्या नोंदीत तर आपला भाग मध्य प्रदेशात दिसेल. जुनी नोंद जशीच्या तशी ठेवून आजचा जिल्हा व तालुका शेजारी लिहावा.

५.५ संकेतस्थळ आणि देवनागरी

संग्रह संकेतस्थळावर मांडणे आज अवघड राहिलेले नाही. पानावर ध्वनी वाजविण्याची सोय एचटीएमएल-५ मध्ये मुळातच आहे. अडचणी लिपीच्या आहेत. पहिली जुन्या मजकुराची. विदर्भातील अनेक छपाई केंद्रांत वर्षानुवर्षे कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत मजकूर जुळविला गेला. त्या काळच्या अशा टंकांत देवनागरीचा केवळ मुखवटा असतो, आत रोमन अक्षरेच असतात. टंक काढून घेतला की उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. असा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर मुद्रितशोधन अपरिहार्य आहे. रफार आणि ऱ्हस्व इकार यांच्या जागा विशेषतः तपासाव्यात.

दुसरी अडचण युनिकोडमध्येच आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र चिन्ह म्हणून आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत आणि अजूनही अनेक कळफलकांवर तसेच लिहिले जाते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात. ‘दंडार’ आणि ‘दण्डार’ ही रूपेही संगणकाला भिन्न वाटतात. संग्रहात कोणते रूप वापरायचे याचा निर्णय आरंभीच करून तो लिहून ठेवावा. मराठीचा ‘ऱ’ हा तर अर्थभेदक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे खोऱ्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा असतो आणि ‘आचाऱ्यांना’ लग्नाच्या जेवणाची संख्या सांगायची असते. लग्नगीतांच्या संग्रहात हे दोघेही भेटतात, तेव्हा कळफलकावर ‘ऱ’ कुठे आहे ते आधी शोधून ठेवा.

तिसरी गोष्ट अक्षरवळणाची. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित करताना मान्य केली. संगणक मात्र अनेकदा हिंदीची वळणे दाखवितो. पानाच्या आरंभी ‘लँग’ या गुणधर्मात मराठीचा ‘एम-आर’ हा द्वयक्षरी संकेत लिहिला, तर नोटो देवनागरीसारखे टंक मराठी वळणे निवडतात. अंध वाचकांसाठी पान वाचून दाखविणारी आज्ञावलीही याच संकेतावरून मराठी आवाज निवडू शकते. एका शब्दाचे काम आहे, तरी बहुसंख्य मराठी पानांवर ते केलेले नसते.

अनुक्रमाचे एक उदाहरण देऊन पुढे जाऊ. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. गीतांची सूची संगणकाकडून लावून घेतल्यास ती एकदा नजरेखालून घालावी.

गोंडी गीतांसाठी लिपीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी घडविली. ती २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि गुंजाला गोंडी लिपी त्यानंतर वर्षभराने. गीत देवनागरीत लिहावे की या लिपीत, हे गाणाऱ्या समाजाला विचारून ठरवावे.

५.६ संमती

भारतीय प्रतिलिपी अधिकार अधिनियम १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क मान्य झाले. गीत कोणाचे हे सांगता येत नसले, तरी त्या दिवशी ते गाणाऱ्या व्यक्तीचा आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. संमती मुद्रणातच बोलून घ्यावी. ‘हे गाणे मोबाईलवर सगळ्यांना ऐकू येईल, चालेल का?’ असे सरळ विचारावे. लग्नात व्याह्यांना उद्देशून म्हटलेली शिवराळ गीते मांडवात खेळीमेळीने घेतली जातात. तीच संकेतस्थळावर नावानिशी आली, तर दोन घरांत वितुष्ट येऊ शकते. पूजाविधीतील काही गीते समाजाबाहेर नेऊ नयेत अशी भावना असते. अशा वेळी मुद्रण जतन करावे, प्रसिद्ध करू नये. टॅगमधील ‘संमती’चा रकाना त्यासाठीच ठेवला आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
‘ऐकलेले रूप’ आणि ‘प्रमाण रूप’ यांची नोंद दोन स्वतंत्र रकान्यांत का करावी? तुमच्या बोलीतील तीन शब्द देऊन स्पष्ट करा.

५.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील किंवा गावातील एका ज्येष्ठ व्यक्तीकडून तीन गीते ध्वनिमुद्रित करा. आरंभी दिनांक, गाव, तालुका, गाणाऱ्याचे पूर्ण नाव आणि तुमचे नाव उच्चारा. संमती त्याच मुद्रणात घ्या. मूळ प्रत फ्लॅकमध्ये आणि ऐकण्याची प्रत एमपी-३ मध्ये तयार करून दोन्हींचे टॅग देवनागरीत भरा. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या चकतीवर आणि एक घराबाहेर ठेवा. अभ्यासकेंद्रावर सादर करण्यापूर्वी ही गीते गाणाऱ्या व्यक्तीला एकदा ऐकवा आणि टॅगमधील तिचे नाव तिच्याकडूनच तपासून घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने आपले नाव ऐकून सांगितले, की हे तर सासरचे नाव, गाणे तर मी माहेरी शिकले. त्याने माहेरच्या गावासाठी आणखी एक रकाना वाढविला. तुम्हीही तो वाढवावा.